खोली नंबर सातमधली वस्ती

सुमी गेल्याची बातमी मला मीनाने सांगितली. सकाळी मी शाळेत जायला निघाले होते, कुलूप हातात होतं, आणि समोर जिन्यात पांढऱ्या गणवेशातली मीना उभी. रुग्णालयातली ड्यूटी संपवून ती थेट आली होती. "बाई, ताई गेल्या," एवढंच म्हणाली. मला आधी राग आला. खरंच सांगते, रडू नंतर आलं. आदल्याच रविवारी मी तिच्या खाटेशी बसून आले होते, तेव्हा म्हणाली होती की बरी झाले की तुझ्याकडे घावन खायला येते. सुमीने दिलेला शब्द कधी मोडला नव्हता, विरोधकांना दिलेलासुद्धा... आणि मला दिलेला मोडून गेली.

या गोष्टीला पाच आठवडे झाले. तेवढ्यात उल्हासनगरला, अंबरनाथला, बदलापूरला शोकसभा झाल्या. तिन्हीकडे मी मागच्या रांगेत बसले. 'झुंजार', 'रणरागिणी', 'गोरगरिबांचा आवाज' असं बरंच काही ऐकलं. सुमी माझ्या शेजारी असती तर तिने मला कोपराने ढोसलं असतं. दोनदा आमदार झालेली, दोन्ही वेळा विरोधी बाकांवर बसलेली सुमनताई कासारे ही सगळ्यांची ताई होती. माझी मात्र ती सुमी. डीएडला आम्ही एका बाकावर बसायचो. तिचं अक्षर इतकं गचाळ की स्वतःचं स्वतःला लागायचं नाही, म्हणून परीक्षेआधी माझ्या वह्या न्यायची. मी अंबरनाथच्या शाळेत लागले ती तिथेच राहिले. तिने दोन वर्षं शिकवलं आणि मग कारखान्यातल्या बायकांच्या मागण्या, नळ, संडास, घरं यांच्या पाठी लागली. मोर्चे काढता काढता निवडून आली तेव्हा सगळ्यात जास्त आश्चर्य तिलाच वाटलं होतं.

आमदार झाल्यावरही अधिवेशनाच्या आधी ती माझ्या खोलीवर यायचीच. जेठानंदच्या चाळीतली खोली नंबर सात, मी आणि माझे वडील. घरात एकुलती एक खुर्ची होती, पण ही कधी तिच्यावर बसली नाही. उंबऱ्यावर बसायची, चपला बाहेर, पाय गॅलरीत. सभागृहात विचारायचे प्रश्न ती आधी माझ्यावर चालवून बघायची. त्या प्रश्नांचा एक साचा असतो. अमुक ठिकाणी अमुक झालं, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने काय कारवाई केली? आणि उत्तराचाही साचा असतो. मी मंत्री व्हायचे. तोंड वाकडं करून म्हणायचे, "हे खरे नाही. त्यामुळे पुढील प्रश्न उद्भवत नाही." मग ती चिडून प्रश्न आणखी घट्ट आवळायची, पळवाट राहू नये म्हणून. माझ्या वडिलांना हा खेळ फार आवडायचा. ते स्वतःला अध्यक्ष समजायचे आणि मधूनच "शांतता!" म्हणून ओरडायचे.

आता माझा गुन्हा सांगते. आमच्या शाळेपासून थोड्या अंतरावर, पालेगावच्या वाटेला, पाण्याच्या टाकीमागे एक वस्ती होती. देशावरून कारखान्यांत कामाला आलेली बौद्ध कुटुंबं, त्यांच्यात चार-दोन घरं कोकणातली. मधोमध पत्र्याचं विहार. जागा सरकारी. आमचे तेव्हाचे मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हते, पण नियमाचे पक्के. कायमचा पत्ता नसेल तर प्रवेश नाही, आणि 'टाकीमागे' हा काही पत्ता नव्हे, असं त्यांचं म्हणणं. एका जूनमध्ये एक बाई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन तीनदा येऊन परत गेली. चौथ्यांदा ती माझ्यापाशी आली. "बाई, पोरीला घ्या ना. हेडमास्तर बोलतात पत्ता नाय. आमी काय झाडावर राहतो काय?" मी फॉर्म पुढे ओढला आणि पत्त्याच्या ओळीत लिहिलं, खोली नंबर सात, जेठानंदची चाळ. ती मुलगी म्हणजे मीना.

एकदा हात सैल सोडला की तो आवरत नाही. पुढच्या जूनमध्ये मीनाच्या शेजारची दोन आली, मग त्यांची भावंडं. मी आपली तोच पत्ता लिहीत गेले, फॉर्मवरही आणि दाखल्यांवरही. मुलं वर्गात बसली, पाढे म्हणू लागली, मी खूश. मला कल्पनाच नव्हती की वस्तीतल्या बाया शाळेचा दाखला किती जपतात. तोच दाखला दाखवून त्यांनी रेशनकार्डं काढली, आणि रेशनकार्डांवरही तोच पत्ता चढला. शिवाय कुणी विचारलं तर टाकीमागे राहतो म्हणण्यापेक्षा चाळीत राहतो म्हणणं बरं वाटतं, हेही होतंच. चार-पाच वर्षांत कागदावर ती सगळी वस्ती माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत राहायला आली होती.

मग वस्तीला हटवण्याची नोटीस आली. नियम असा होता की सरकारने ठरवलेल्या तारखेच्या आधीपासून तिथे राहत असल्याचं दाखवलं तर घर वाचेल, नाहीतर उठा. सुमीने तडक सभागृहात प्रश्न टाकला. टाकीमागे अनेक वर्षे लोक राहत आहेत, हे खरे आहे काय? उत्तर आलं, हे खरे नाही. रहिवाशांच्याच कागदपत्रांवरून ते अन्यत्र राहत असल्याचे दिसते. समोरचे लोक हसले म्हणे. सुमीवर सभागृहात कुणी हसलं, असं त्याआधी झालं नव्हतं.

त्या शनिवारी ती आली ती दाखल्यांचा गठ्ठा घेऊनच. उंबऱ्यावर बसली नाही, आत येऊन गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "निर्मले, हे अक्षर मी ओळखते. याच्यावर मी डीएड पास झालेय." मी तिला सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटत होतं, पण ती बराच वेळ ते दाखले उलटत राहिली... मग म्हणाली की तारखा सगळ्या बरोबर आहेत, जुन्या आहेत, खोटा आहे तो फक्त पत्ता. पत्ता खोटा ठरला तर तारखा वस्तीच्या कामाला येतील. "पण ते तुला उभं राहून सांगावं लागेल, आणि मी तुला सांगायला लावणार नाही. नोकरी जाईल तुझी. काकांचं औषधपाणी आहे. मी दुसरं काहीतरी बघते." दुसरं काही नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. ती जिना उतरून गेली आणि वडील एवढंच म्हणाले, "वर्गात पोरांना खरं बोला म्हणून शिकवतेस ना?" मी त्यांच्यावरच डाफरले. पण सोमवारी सुमीला निरोप धाडला की मी येते.

नोटिशीवरची सुनावणी उल्हासनगरच्या कचेरीत झाली. सुनावणी घेणारे साहेब तरुण होते, नव्याने आलेले. हे अक्षर तुमचं का, विचारलं. माझं, म्हटलं. पत्ता खोटा आहे हे लिहिताना माहीत होतं का? होतं. आवाज मात्र वर्गातला लागला, त्याला मी काय करू! साहेबांचा विश्वास बसेना. त्यांना वाटलं, आमदारबाईंनी मैत्रिणीला पढवून आणलंय. तेवढ्यात सुमीने चाळमालक जेठानंदशेठना पुढे केलं. ते उल्हासनगर कॅम्पातल्या आपल्या दुकानाचं शटर ओढून आले होते आणि कचेरीच्या पायरीला घाबरत होते. पण विचारल्यावर ठणकावून बोलले, "साईं, उस खोली में एक ये मास्तरीणबाई, एक उसका बुड्ढा बाप. बाकी के बच्चे क्या मैंने खूंटी पे टांगे थे?" साहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते लगेच आवरलं. सुमी म्हणाली, "साहेब, माझ्यावर विश्वास ठेवू नका. खोली बघायला या."

साहेब दोन दिवसांनी आले, सोबत कारकून. सुमीने मला काहीच सांगितलं नव्हतं. शाळा सुटायच्या आधी तिने मुख्याध्यापकांना गाठलं आणि टाकीमागची सगळी मुलं मागून घेतली. मुख्याध्यापकांनी ती दिली, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. मी धावत खोलीवर पोहोचले तर आत पाय ठेवायला जागा नाही! पलंगावर मुलं, पलंगाखाली मुलं, मोरीत दोन, खुर्चीवर तीन. उरलेली गॅलरीत, जिन्यात, खाली नळापर्यंत, दप्तरं पाठीला. मधोमध माझे वडील, मांडीवर कुणाचं तरी शेंबडं पोर, आणि चेहरा असा की आयुष्याचं सार्थक झालं. साहेब जिन्यातच अडकले. सुमी वरून म्हणाली, "या ना साहेब, आत या. सरकारच्या कागदाप्रमाणे ही सगळी इथेच राहतात. तुम्हाला बसायला जागा होते का बघा." साहेब या वेळी मोकळेपणाने हसले. पण हुशार होते. म्हणाले, ताई, इथे राहत नाहीत हे पटलं. टाकीमागे राहतात हे कशावरून?

सुमी माझ्याकडे वळली. "तू म्हण. तुझं ऐकतात ती."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. मी गॅलरीच्या कठड्याला धरून वर्गात म्हणते तसं म्हटलं, "चला, शाळा सुटली!"

मुलं जी उधळली... जिना दणाणला. चाळीच्या दारातून, बोळातून, टाकीला वळसा घालून ती आपापल्या वाटेने पळत सुटली, आणि त्यांच्यामागे साहेब, कारकून, सुमी, मी, धापा टाकत जेठानंदशेठ. आम्ही वस्तीत पोहोचलो तेव्हा दारादारात एकेक मूल उभं होतं. कुणी माठातलं पाणी पीत होतं, कुणाचा एक पाय चप्पल काढण्यासाठी वर, मीना तर धाकट्या भावाला कडेवर घेऊन मोकळी झाली होती. कुणाला काही विचारावंच लागलं नाही. साहेबांनी दाखल्यांचा गठ्ठा मागवला. कारकून एकेका दारापुढे थांबून नाव पुकारायचा आणि दारातून "हजर!" असं उत्तर यायचं. संध्याकाळपर्यंत पंचनामा चालला. एकही घर गाळावं लागलं नाही. विहारासमोर बायांनी सुमीला घेरलं तेव्हा ती माझा हात धरून म्हणत होती, "मला काय हार घालताय, या खोटारडीला घाला." आयुष्यात मला एवढा अभिमान पुन्हा कधी वाटला नाही, हे मी लाज न बाळगता लिहिते.

घरं वाचली. तिथे राहण्याचा हक्क देणारे सरकारी फोटोपास मिळाले, पुढे नळ आले, वीज आली. माझ्या सेवापुस्तकात ठपका नोंदला गेला, पण नोकरी टिकली. साहेबांनी अहवालात माझ्याबद्दल दोन बऱ्या ओळी लिहिल्या होत्या, असं नंतर कळलं. पुढच्या अधिवेशनात सुमीने तोच प्रश्न, शब्दही न बदलता, पुन्हा विचारला. त्या उत्तराचा छापील कागद घेऊन ती उंबऱ्यावर येऊन बसली आणि वडिलांना म्हणाली, "अध्यक्ष महाराज, वाचा." वडिलांनी चष्मा पुसून वाचलं, "होय, हे खरे आहे." वडील त्यानंतर दोन वर्षांनी गेले. त्या दोन वर्षांत ते वाक्य त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवलं.

पुढे सुमी तिसरी निवडणूक हरली. बदलापूरला स्वतःच्या घरात राहू लागली, पण लोकांची कामं घेऊन फिरणं काही थांबलं नाही. गेल्या आठवड्यात आमच्या चाळीत नवा पोस्टमन आला. रुग्णालयाने तपासणीचा एक मागे राहिलेला अहवाल पाठवला होता, पाकिटावर सुमीचं नाव आणि पत्ता खोली नंबर सात. मी नंतर मीनाला विचारलं. ती आधी ओशाळली, मग हसायला लागली. सुमीला दाखल करताना फॉर्म तिनेच भरला होता. कायमचा पत्ता विचारल्यावर सुमीने माझा सांगितला. मीना म्हणाली, ताई, हे खरं नाही. तर म्हणे, "तू लिही गं. तुझ्या बाईंनी लिहिला तेव्हा तू काही बोललीस का?"

त्या दिवशी पोस्टमन पाकीट घेऊन त्या उंबऱ्याशीच उभा होता. नाव वाचून त्याने विचारलं, "बाई, सुमन कासारे इथेच राहतात ना?"

"होय," मी म्हटलं, आणि सही करून पाकीट घेतलं.