चार बोटांची शिवण

वहिनींचा फोन आला तेव्हा मी जळगावला माझ्या फर्निचरच्या कारखान्यात एका गिऱ्हाइकाशी दरवाजाच्या पॉलिशवरून हुज्जत घालत होतो. हात बरबटलेले होते, म्हणून फोन दोनदा तसाच वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला. “नाना गयात, भाऊ,” एवढंच त्या म्हणाल्या... धुळ्यापर्यंतच्या वाटेत डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. पोळ्याआधी नक्की येतो असं मी नानांना सांगितलं होतं, आणि पोळा होऊन गेला होता.

नाना माझे थोरले चुलतभाऊ. सगळी नोकरी बसगाड्यांच्या सीटा शिवण्यात गेली. निवृत्तीनंतर माणसं देवळात जाऊन बसतात, नाना ओट्यावर चामडं घेऊन बसू लागले. पिशव्या, कमरेचे पट्टे, चष्म्याची घरं, जो जे मागेल ते. मशीन म्हणून वापरायचे नाहीत. दोन सुया, मेण लावलेला दोरा आणि गुडघ्यांत धरलेला लाकडी चिमटा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मांडीपासून छातीपर्यंत येणाऱ्या दोन बाकदार फळ्या, खाली एकत्र ठोकलेल्या, वर त्यांची तोंडं एकमेकांवर दाबून बसलेली. त्या जबड्यात चामडं धरलं की दोन्ही हात शिवायला मोकळे. जबड्याच्या रुंदीएवढी, म्हणजे चार बोटं शिवण झाली की तो उघडायचा, चामडं पुढे सरकवायचं आणि पुन्हा सुरू. दर पोळ्याला वहिनींच्या माहेरच्या बैलजोडीसाठी घुंगरांचे दोन पट्टे नानांकडून जायचे. पाचोऱ्याजवळच्या त्या गावात बैल मिरवायला निघाले की लोक आधी पट्टे बघतात, असं नाना आम्हाला दरवर्षी ऐकवायचे आणि आम्ही दरवर्षी त्यांची चेष्टा करायचो.

मागच्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. हलका होता, असं सगळेच म्हणत होते, आणि सगळ्यांत मोठ्याने मी म्हणत होतो. चालत होते, बोलत होते, जेवताना मिरचीच्या ठेच्यावरून वहिनींशी भांडत होते, मग अजून काय पाहिजे? चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरतात हे मला दिसलं होतं. दिसलं आणि मी नजर दुसरीकडे वळवली. लहानपणी ज्यांनी मला एका हाताने उचलून विहिरीच्या काठावरून मागे ओढलं, त्यांचे हात कपाला पुरत नाहीत हे मला बघायचं नव्हतं.

त्याच सुमारास त्यांचा जुना चिमटा बुडाशी चिरला. नवा मी करून देईन म्हणालो. विकत कुठे मिळणार, आणि मिळाला तरी माझ्यासारखा सुतार घरात असताना तो घ्यायचा का? नाना एवढंच म्हणाले, “जरा नरम ठेवजो रे अशोक.” मी हसलो. “नाना, नरम चिमटा काय कामाचा? कातडं घसरी जाई ना!” त्यांनी गोष्ट सोडून दिली की मी जिंकलो, असा माझा लहानपणापासूनचा हिशोब.

मी धामणीचं लाकूड शोधून आणलं. वाकतं आणि पुन्हा जागेवर येतं. फळ्या जाड ठेवल्या, बाक नीट दिला, जबड्याला आतून मऊ चामडं चिकटवलं. इतका घट्ट झाला की कारखान्यातल्या मिस्त्र्याला उघडताना दोन्ही हात लावावे लागले, आणि मला त्याचाच अभिमान वाटला. सगळ्यांना दाखवत फिरलो.

श्रावणात तो घेऊन धुळ्याला गेलो. नानांनी मांडीवर घेतला, हात फिरवला. “भलता मस्त बनाडा रे भाऊ!” पोळ्याचा पट्टा कापून तयार होता. “तूच लाव,” म्हणाले, “पहिला मान तुना शे.” मी फुलून गेलो. जबडा उघडून पट्टा बसवून दिला. नाना सावकाश शिवू लागले. दर टाक्याला थांबत होते, पण टाका सरळ पडत होता. मी चहा घेतला, गप्पा मारल्या, पोळ्याआधी येतो म्हणालो आणि निघालो. मग एका बंगल्याचं काम आलं, मग गणपतीच्या मखरांची ऑर्डर... जाणं राहिलं.

सगळे विधी आटोपल्यावर मी ओट्यावर गेलो. चिमटा कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता. पट्टा त्यातच होता, मी बसवला होता तसाच. शिवण जबड्याच्या एका कडेला सुरू होऊन दुसऱ्या कडेला थांबली होती. चार बोटं. पुढे एकही टाका नव्हता.

वहिनी मागे येऊन उभ्या होत्या. “त्यासना हातमा तो कधी उघडनाच नही,” त्या म्हणाल्या. “मन्हा हातमा बी नही. शेजारले कोनले बलावू का, आसं म्हनू तं म्हनेत, ऱ्हाऊ दे, अशोक येवाव शे, तोच सरकाडी.”

“मला फोन का नाही केला?”

“करू देत नहीत. म्हनेत, इतली हौसमा बनाडेल शे, त्याले वाईट वाटी.”

चिमटा नरम ठेव, असं त्यांनी सांगितलं होतं. त्यांना आपल्या हातांचं माहीत होतं आणि मलाही माहीत होतं, फक्त ते मी मान्य करत नव्हतो. मी माझ्या आठवणीतल्या नानांना चिमटा करून दिला, आणि ओट्यावर बसलेला माणूस बंद जबड्यासमोर माझी वाट बघत राहिला. त्या वर्षी बैल बाजारातले रेक्झिनचे पट्टे घालून मिरवले. लोक मला म्हणतात, एवढं मनाला लावून घेऊ नका, वय झालं होतं. वय झालं होतं हे खरं. पण शेवटच्या दिवसांत ते शिवू शकले असते, आणि ते माझ्यामुळे शिवू शकले नाहीत, हेही खरं. ते कुणी बोलत नाही.

परवा पुन्हा धुळ्याला गेलो, या वेळी पिशवीत रंधा घेऊन. म्हटलं, फळ्या दोन्हीकडून तासतो, अगदी बोटाने उघडेल असा करून देतो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी रंध्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आते कोनासाठे, भाऊ?”

त्या रागाने बोलल्या नाहीत. खरंच विचारत होत्या. मी रंधा पिशवीत ठेवला आणि ओट्यावर गेलो. नानांच्या जागेवर बसलो, चिमटा गुडघ्यांत धरला, दोन्ही हातांनी जबडा उघडला आणि पट्टा चार बोटं पुढे सरकवला. मग जबडा मिटू दिला. सुया अजून दोऱ्यालाच लोंबत होत्या. मला शिवता येत नाही, म्हणून चिमटा होता तिथे परत उभा करून ठेवला.