जालिंदरआप्पांची लाल पेटी

जालिंदरआप्पांनी रांजणगावच्या एका कंपनीत वीस वर्षं पार्ट तपासले. नमुन्याहून केसभर वेगळा दिसला की पार्ट लाल पेटीत, आणि तो बनवणाऱ्याच्या नावापुढे खूण. तीन खुणा झाल्या की कंत्राटी माणूस गेटबाहेर. आप्पांना कुणी उलटून विचारत नसे. रिटायर झाल्यावर ते शिरूरला माझ्या शेडमध्ये कामाला आले आणि पहिल्याच दिवशी एका पेटीला लाल रंग फासून बसले.

आम्ही कथलाचे बोटभर उंचीचे सैनिक ओततो. परदेशातले हौशी लोक ते रंगवून मांडतात. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकानं केल्टांच्या, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या लढवय्यांच्या, सुट्या ढाली पाठवल्या. नखाएवढ्या, जुन्या, सगळ्या एकात एक मिसळलेल्या. आकार ओळखून प्रत्येकीचा साचा करायचा, मोडक्या-वाकड्या वितळवायच्या. आप्पांनी सकाळभर भिंग लावून लांबट, गोल आणि सहाकोनी अशा तीन रांगा लावल्या आणि हात झटकले.

दुपारी दोनला गिऱ्हाइकाचा मेल आला. सोबत चौथ्याच एका ढालीचं चित्र. चारी कोपरे बाहेर, दोन्ही कडा आत गेलेल्या, ताणून वाळत घातलेल्या कातड्यासारखी. ‘ही माझ्याकडे एकच आहे. हिच्यासाठीच हे काम तुम्हाला दिलं.’

मी मोबाइल आप्पांपुढे धरला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही तर मी लाल पेटीत टाकली," ते म्हणाले. "म्हनलं, दोन्हीकडनं दाबलीय."

भट्टी बारालाच पेटली होती. आम्ही पळालो. पेटी रिकामी! आप्पांनी कढईत वाकून पाहिलं. आत नुसतं चकचकीत कथील. मला त्यांच्यावर खेकसायचं होतं, पण खरं सांगतो, मीच घाबरलो होतो. काम गेलं होतं, आणि पेटीत काय पडतं ते मीही कधी पाहिलं नव्हतं.

भट्टी सांभाळणारी सविता मागं डबा खात बसली होती.

"सविता, पेटीतलं समदं वतलं का गं?" आप्पांनी विचारलं.

तिनं हात धुतले आणि पदराची गाठ सोडली. आत ती ढाल होती, अगदी धड.

"दोन्ही कडा सारख्याच आत हायेत, आप्पा. दाबली असती तर एकसारखी कशी दबंल? म्हनून ठिवली. पर तुमाला सांगायचं म्हंजी..." ती अडखळली. "पेटी मी रोजच बघते. चांगलं आसंल ते गुपचूप परत ठिवते."

"रोज?"

"व्हय. आठवड्याला दोन-तीन तरी निघत्यात."

मी हुश्श केलं, मला हसूही आलं. आप्पा मात्र मटकन खाली बसले. ढाल त्यांनी मुठीत धरली होती.

"आप्पा, वाचलो की आपण!"

"हितं वाचलो," ते म्हणाले. "तिकडं वीस वर्सं माझी पेटी कुणीच बघितली न्हाई. आन् खुना तर मी रोज करत होतो."