तिसऱ्या दिवशी उतरलेला माणूस

कृपादान साळव्याची कलिंगडाची वाडी प्रवरेच्या पात्रात, वाळूवर होती. तिचं कुंपण बघून देवळालीतले लोक म्हणायचे, ह्या गड्याला कलिंगडं पिकवायची नाहीत, राज्य राखायचंय. वाळूवर बाभळीच्या काट्यांची दुहेरी रांग. तिच्यापुढे पाण्यात तिरपे रोवलेले, टोकं नदीकडे काढलेले खुंट. खुंटांना ताणलेली तार आणि तारेला टांगलेले रिकामे डबे. एखादा कोल्हा बिचारा एका कलिंगडापायी येणार, त्याच्यासाठी एवढा बंदोबस्त!

"तुर्कानं आमच्यासाटी आसाच केल्ता," कृपादान सांगायचा. मग ऐकणारा बैल पाण्यावर न्यायला आलेला असो की सोयरिकीला निघालेला असो, त्याला खाली बसावंच लागे.

पहिल्या महायुद्धात कृपादान खेचरांच्या पलटणीत होता आणि ती पलटण तुर्कस्तानातल्या गलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरली होती. एवढं खरं. त्यापुढचं तीस वर्षांत हळूहळू वाढलं. आधी तो इतरांबरोबर होडीतून उतरला. मग पहिल्या होडीतून. मग पहिल्या होडीतलासुद्धा पहिला तोच. गोष्टीतली माणसंही दर उन्हाळ्याला थोडी थोडी मरत गेली. होडीतल्या विसांतले बारा उरले होते, त्यांचे आठ झाले, आणि पंचेचाळीस साल उजाडेपर्यंत चारच राहिले. चावडीवरची माणसं म्हणत, आणखी दोन उन्हाळे गेले तर खुद्द कृपादानही जगायचा नाही. त्याची बायको मरियम हे सगळं ऐकत भाकरी थापायची.

त्या वर्षी फेब्रुवारीत एका सकाळी काठावरच्या मळ्यातली साळूबाई वाडीत आली. तिचा एकुलता एक सहादेव फौजेत होता. दसऱ्याला रजेवर आला तेव्हा, आम्हाला होडीतून उड्या मारायला शिकवतात, असं सांगून हसला होता.

"भाऊ, मास्तरनं चावडीत पेपर वाचला," ती म्हणाली. "बरम्याच्या किनाऱ्याला आपली फौज उतरली म्हनं. जपान्यानं पान्यात खांब रवले हुते."

कृपादानाच्या मिशीला चैतन्य आलं. "खांब? तिरपे का सरळ? आमच्या टायमाला..."

"ईसातले चार," साळूबाई मधेच म्हणाली. "तुमीच म्हनला हुता. माझा सहादू त्या चारांत आसंल का सोळांत, तेवढं सांगा."

कृपादानाने तिच्याकडे नीट पाहिलं. ओठ सुकले होते. दोन दिवस पोटात काही नसावं. त्याच्या गोष्टी ऐकून आजवर लोक हसले होते, पेंगले होते, उठून गेले होते. त्या ऐकून कुणी जेवण टाकेल हे त्याच्या गावीही नव्हतं.

"साळूबाई," तो खाकरला, "चार न्हाई. आठ हुते."

"आठ?"

"बारा धर."

"बाजारात बसलायसा का भाऊ? भाव काय वाढवताय?"

"समदे उरलो!" कृपादान ओरडलाच. "मी पहिल्या होडीत नव्हतोच. तिसऱ्या दिशी उतरलो, खेचराचं शेपूट धरून."

साळूबाईने मान हलवली. "माझं मन राखाया खोटं बोलताय."

आता आली का पंचाईत! तीस वर्षं थापा गिळणाऱ्या गावाला एक खरं बोलणं पचेना. कृपादानाने केविलवाणं होऊन बायकोकडे पाहिलं.

मरियमने हातावरची भाकरी तव्यात टाकली, हात धुतले आणि खोपीत जाऊन पवित्र शास्त्र आणलं. त्यातून घडीवर जीर्ण झालेला एक कागद काढला. मिशनच्या शाळेत शिकलेली ती बाई एकेक शब्द सुटा करत वाचू लागली.

"प्रिय मरियमला सलाम. आम्ही तिसऱ्या दिवशी उतरलो. पुढे गेलेले पुष्कळ मेले, त्यांच्यासाठी प्रार्थना कर. आम्हाला लाकडी धक्का बांधून दिला होता, पायाला पाणी लागले नाही. माझ्या खेचराने माझी टोपी खाल्ली. साहेब मलाच रागावला."

साळूबाईला आधी हुंदका आला. मग तो टोपीपाशी अडखळला आणि ती फिसकन हसली.

"सहादू काय काम करतो?" खाली बघत कृपादानाने विचारलं.

"रसद वाहातो म्हनं."

"मंग माझ्यासारकाच. आदी वाट करनारे जात्यात, मागनं पीठमीठ. नक्की कुनी सांगावं, बाई. पर माझ्या चारांवर जीव टांगू नगं."

साळूबाईने तिथेच गरम भाकरी आणि ठेचा खाल्ला. दुसरीही खाल्ली. कृपादान पाठ फिरवून, धड असलेला एक खुंट उगाच ठोकत बसला.

ती गेल्यावर तो म्हणाला, "तीस वर्सं ठिवलंस व्हय ते?"

"नवऱ्याचं पत्र. टाकून देऊ का?"

"आन टोपीचं कशाला वाचलंस?"

"तिला हसवायचं हुतं. तुमची पहिली होडी काय, उद्या परत सोडा."

साळूबाई कुणाला काही बोलली नाही. महिन्याभराने सहादेवाचं कार्ड आलं. मजकूर एवढाच : सुखरूप उतरलो, फक्त डाळ भिजली.

पुढच्या उन्हाळ्यात सहादेव फौजेतून सुटून घरी आला. वाडीत माणसं जमली, कलिंगड फुटलं, आणि पहिली फोड संपायच्या आत तो सांगू लागला, "पहिल्या होडीत मीच! खांबांच्या मधनं उडी टाकली. ईसातले सहा उरलो."

साळूबाईने तोंड उघडलं. मरियमने नुसतं तिच्याकडे पाहिलं. साळूबाईने उघडलेल्या तोंडात कलिंगडाची फोड घातली.

सगळ्यांचे डोळे कृपादानाकडे वळले. गावात किनाऱ्यावर उतरलेला दुसरा जाणता तोच. त्याने मिशी पुसली, एक बी थुंकली.

"खांब तिरपे हुते का रं?"

"तिरपेच, मामा."

"मंग सहा म्हंजे लई उरले," कृपादान गंभीरपणे म्हणाला, आणि सहादेवाला बसायला आपल्या घोंगडीवर जागा करून दिली.