दुसरी गोळी

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नाही. कोणी वाचणार नाही, तरी चुकांची माफी आधीच मागते.

कापसाला भाव उरला नव्हता तेव्हा आम्ही भुईमूग पेरायला लागलो, आणि रानडुकरं आली. मालकांकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, पीक राखायचा परवाना होता, बंदूक नव्हती. दारव्ह्याच्या एका म्हाताऱ्या वकिलांनी शिकारीची जुनी रायफल विकायला काढली. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप चढते, अशी. पैसे मी माझ्या भावाकडून उसने आणले. जन्मात पहिल्यांदा त्याला काही मागितलं.

पहिली गोळी मालक हातानं दाबून बसवत, आणि ती बरोबर लागायची. साठ पावलांवरचा डबा पाडत. दुसरी मात्र चढायचीच नाही. अडकलेलं काडतूस काढेपर्यंत कळप शेताच्या धुऱ्यापलीकडे. शेजारचे भाऊजी म्हणायचे, "वयनी, तुमची बंदूक डुकरायले मारून नाई राह्यली, उठवून राह्यली फक्त."

मालकांचं एकच, "जुनी हाय, अशीच राहीन." दर आठवड्याला वरून तेल तेवढं ओतायचे. बंदुकीच्या मिस्त्रीचं नाव काढलं की उठून जायचे. दोन वर्षं भुईमूग अर्धाच घरी आला. भाऊ पैशाचं काही बोलत नव्हता, म्हणूनच मला माहेरी जाववेना.

तिसऱ्या वर्षी भर दुपारी जखमी डुक्कर मालकांवर उलटलं. दुसरी गोळी चढली नाही. बाभळीवर चढले म्हणून वाचले, पण पोटरी सोलून निघाली. त्या दिवशी माझा आवाज चढला.

"उद्या बंदूक यवतमाळले मिस्त्रीपाशी नेता का मी नेऊ?"

"परवाना मायाच नावाचा हाय," ते म्हणाले. पण गेलो.

मिस्त्रीनं रायफल उघडली आणि काडीनं कोरून कागदावर काढलं. तेलात मळलेला लाल-पिवळा चिखल आणि त्यात तीन तांदूळ. "भाऊ, हिले जेवू घालता काय?"

ते तांदूळ मी ओळखले. दसऱ्याला रायफल पाटावर ठेवताना ती रिकामी दिसावी म्हणून मालक गोळी आत ढकलणारा बोल्ट मागे ओढून ठेवायचे. मी हळद-कुंकू, अक्षता नेमक्या त्या उघड्या फटीत वाहायची. मला तेच तिचं तोंड वाटायचं.

परत येताना रस्त्यात मालकांना सांगितलं. ते चालता चालताच बोलले.

"दोन वर्सं मी बंदुकीले शिव्या देल्या. टिळा कपायाले लावतेत, पोटात नाई."

"तेल तुमचंच होतं," मी म्हटलं.

त्या दसऱ्याला टिळा लाकडी दस्त्याला लावला. पुढं दुसरी गोळी चढली, तिसरीही चढली. पुढच्या हंगामात भुईमूग सगळा घरी आला. उसने पैसे घेऊन मी माहेरी गेले. भाऊ मोजायला तयार नव्हता. मी त्याला समोर बसवून मोजायला लावले. पुरे भरले.