बागूल सरांचा फ्लटर

बागूल सर वर्गात आले की हजेरीच्या आधी टेबलफॅन लावायचे. कागदाची लांब पट्टी एका टोकाला धरून वाऱ्यासमोर न्यायचे. पट्टी आधी नुसती हलायची. सर वारा वाढवायचे, आणि ती एकाएकी वेड्यासारखी फडफडू लागायची. "हा फ्लटर," सर म्हणायचे. "हेलिकॉप्टरचं पातं वाकलं तरी चालतं, पिळलं तरी चालतं. दोन्हींची गट्टी जमली की मात्र ते वाऱ्यातलीच ताकद ओढून घेतं आणि स्वतःला मोडतं."

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागलो, तेव्हा सर विभागात सर्वांत ज्येष्ठ होते. मूळचे सटाण्याकडचे, वर्गात प्रमाण मराठी, घरी पत्नीशी, म्हणजे आमच्या वहिनींशी, अहिराणी. पात्याचं वजन पुढच्या कडेकडे असावं, मागे सरकलं की ते बिघडतं, हे त्यांनी इतकं घोकून घेतलं होतं की पोरं कॅन्टीनमध्येही एकमेकांना ओरडायची, "वजन पुढे!"

सरांचा मुलगा संदीप एका खासगी कंपनीत हेलिकॉप्टर चालवायचा. एका दुपारी स्टाफरूममध्ये फोन आला. सरांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि रिसिव्हर ठेवला.

"शिंदे, संदीपचं हेलिकॉप्टर पडलं. तो गेला. मला घरी सोड."

द्वारका चौकात सिग्नल लागला. मी स्कूटर थांबवून समोर बघत राहिलो. मला काहीच वाटत नव्हतं. मागून सर म्हणाले, "हिरवा झाला."

पुढे काही महिन्यांनी संदीपचा एक सहकारी पायलट सरांना भेटायला घरी आला. मीही तिथेच होतो. चौकशीत निघालेलं त्याने सांगितलं: पात्याला गेलेला तडा एका वर्कशॉपने मागच्या कडेला भर घालून बुजवला होता, आणि तोल पुन्हा न तपासता पातं बसवलं होतं.

"म्हणजे वजन मागे गेलं," सर म्हणाले.

"हो, काका."

"त्याला वेळ मिळाला काही?"

"नाही, काका."

"नाहीच मिळत."

वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "जेवी ल्या आते." सर उठले, हात धुतले, जेवले. आमटीत मीठ नव्हतं. कुणी मागितलं नाही.

त्याच आठवड्यात वर्गात फ्लटर शिकवायचा होता. मी म्हणालो, "सर, मी घेतो."

"का? मी आहे की."

मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. तोच पंखा, तशीच पट्टी. एका मुलीने विचारलं, "सर, अशा वेळी पायलटने काय करायचं?" तिला काही माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते खाली बघू लागले.

सरांनी पंखा बंद केला. "पायलटने काही करायचं नसतं, बाळ. त्याच्या हातात देण्याआधी आपण करायचं असतं. लिहून घे." आणि दुरुस्तीनंतर पात्याचा तोल कसा तपासायचा, ते त्यांनी सावकाश सांगितलं. आवाज जराही हलला नाही.

निवृत्तीनंतर सर गावच्या मळ्यात राहायला गेले आणि तिथेच वारले. त्याआधी मी एकदा जाऊन आलो होतो. बांधावर बसून ते कांद्याच्या रोपांबद्दल सांगत होते, तेवढ्यात डोंगरापलीकडून हेलिकॉप्टर आलं. सर वाक्य अर्धवट टाकून थांबले. वर पाहिलं नाही. आवाज पार विरून गेला, तेव्हा म्हणाले, "गेलं नीट." मग रोपांचं पुढे सांगू लागले.