ग्लासच्या बुडाचा लाल ठिपका

नेलपॉलिश होतं. लाल. स्टीलच्या ग्लासच्या बुडाला एक ठिपका, ताटाच्या मागे एक, चमच्याच्या दांड्यावर एक. सिडनीतल्या पेंडल हिलच्या त्या घरात मी भाड्याने एक खोली घेतली होती. घरमालकीण वहिनी पुण्याच्या. तिन्ही वस्तू सिंकच्या कडेला वेगळ्या मांडून म्हणाल्या, "हे तुझं हं. हायजीनसाठी गं, मनाला लावून घेऊ नकोस."

शेजारच्या खोलीत केतकी राहायची. तिच्या ताटाला ठिपका नव्हता.

आदल्या दिवशी वहिनी माझ्या खोलीत व्हॅक्यूम द्यायला आल्या होत्या. टेबलावर आई-पप्पांच्या लग्नाचा फोटो. दोघंही पांढऱ्या कपड्यांत. आम्हा बौद्धांत लग्न पांढऱ्यात लागतं. वहिनींनी फोटो उचलला, बघितला, जागेवर ठेवला. "छान आहे," म्हणाल्या. बस्स. कळायचं ते त्यांना कळलं.

मी काय केलं? काही नाही. फोटो बॅगेत टाकला आणि ठिपक्याच्या ग्लासातून पाणी प्यायले. राग आला असता तर बरं झालं असतं. आला नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल कसा होतो, तशी मी सगळीच झाले होते. तेव्हा माझ्यासारख्या, आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचे लोंढे सिडनीत उतरत होते. एका खोलीसाठी दारात रांग लागायची. ही खोली गेली तर जायचं कुठे, एवढंच डोक्यात.

त्याच आठवड्यात मला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका ज्यू शाळेत काम लागलं. आर्व्होची, म्हणजे दुपारनंतरची शिफ्ट. शाळा सुटल्यावर तिसरीची मुलं सांभाळायची, खाऊ द्यायचा, टेबलं पुसायची. पहिल्या दिवशी मॅनेजरबाईने किचन दाखवलं. दोन सिंक. दोन कपाटं, एकावर लाल पट्टी, एकावर निळी. "प्लीज, हे कधी मिक्स करू नकोस," ती म्हणाली. पुढेही बरंच सांगत होती. मला ऐकूच आलं नाही. वेगळी भांडी दिसली आणि माझं मीच समजून घेतलं. इथेही तेच.

दुसऱ्या दिवसापासून तो ठिपक्याचा ग्लास मी पिशवीत घालून नेऊ लागले. शाळेच्या भांड्यांना हात लावायचा तो मुलांना देण्यापुरता. स्वतः पाणी प्यायचं तर बाहेर, कॉरिडॉरच्या नळावर. कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज काय, मी शिकून आलेलीच होते ना!

पासओव्हर हा त्यांचा सण जवळ आला, तशी मुलांची पाठांतरं सुरू झाली. "आम्ही इजिप्तमध्ये गुलाम होतो." बिस्किटं खाता खाता, पाय हलवत, मोठमोठ्याने. एकाही पोराची मान खाली नाही. मी टेबल पुसत ऐकायचे. मला विमानतळावर आईने बजावलं होतं, "तिकडे आपलं काही सांगत बसू नकोस, बाळा."

एकदा मी नळावर पाणी पीत होते. तालिया नावाची, पुढचे दोन दात पडलेली मुलगी जवळ आली. ग्लासकडे बोट दाखवून म्हणाली, "मिल्क की मीट?"

"काहीच नाही. माझा आहे."

"पण त्यात काय घालतेस?"

"मी पिते त्यातून. तुमच्या भांड्यांतून मला चालत नाही ना."

तिने मला वेड्यात काढलं. "इट्स फॉर द फूड," म्हणाली. "नॉट फॉर पीपल."

लाल पट्टी मांसाची, निळी दुधाची. दोन्ही एकत्र येऊ द्यायचं नाही, एवढंच. तिसरीतल्या पोरीला पाठ होतं. ती धावत तिच्या बाईंकडे गेली, "मिस, तिला वाटतं ती आपल्या कपातून पिऊ शकत नाही!"

बाई हसत आल्या. माझं तोंड बघून थांबल्या. "पाणी कुठल्याही कपातून पी. तुला चालत नाही, हे कोणी सांगितलं तुला?"

मला आई आठवली. तिसरीत असताना तिला शाळेच्या माठाला शिवू द्यायचे नाहीत. कोणीतरी वरून पाणी ओतायचं, ती खाली ओंजळ धरायची. तिसरीत माझी आई ओंजळ धरायला शिकली. आणि मी एमकॉम होऊन, विमानात बसून इथवर आले, तर माझी ओंजळ मीच पिशवीत घालून हिंडत होते. लाज वाटली. वहिनींची नाही, माझी. आणि मग इतक्या दिवसांनी राग आला. मी निळ्या कपाटातला कप घेतला आणि पोटभर पाणी प्यायले.

रविवारी वहिनींकडे पाहुणे होते. "तू आतच जेव हं, ताट आणून देते." मी बाहेर आले. पाहुण्यांसाठी मांडलेला ग्लास उचलला, भरला, सगळ्यांसमोर प्यायले.

"अगं, तुझा ग्लास तो तिकडे..."

"तो ठिपका कुणाला लावलात, वहिनी? ग्लासला की मला?"

वहिनींचे मिस्टर टीव्हीचा रिमोट शोधू लागले. केतकी ताटात बघत बसली. मी आतून फोटो आणला आणि श्रीखंडाच्या भांड्याला टेकवून उभा केला. "हे माझे आईवडील. आम्ही बौद्ध. विचारलं असतंत तर तोंडाने सांगितलं असतं."

"तमाशा कशाला करतेस?" वहिनी म्हणाल्या. "शनिवारपर्यंत खोली रिकामी कर."

"करते की."

केली. पुढचे तीन आठवडे वर्गातल्या मुलीच्या सोफ्यावर काढले. पाठ मोडून निघाली. ग्लास वहिनींच्या सिंकवरच ठेवून आले, पालथा, ठिपका वर.

आता सिडनीतच, स्कोफिल्ड्सला माझं घर आहे. फोटो दार उघडल्या उघडल्या दिसतो. लेक यंदा तिसरीत गेली. जेवता जेवता मी तिला हे सगळं सांगितलं, मोठ्याने. ती म्हणाली, "बट आई, व्हाय डिड यू ड्रिंक फ्रॉम इट?" मी घाबरले होते, असं सरळ सांगितलं. तिला खोटं सांगणार नाही. आणि ओंजळ धरायला तिला कोणी शिकवून तर दाखवावं.