सुकत चाललेली जखम

मुलांनो, आमच्या साखरखेर्ड्यातल्या शेजारच्या सुनेला "कशी आहेस?" विचारलं, की ती म्हशीची खुशाली सांगते. "बरी हाये आजी, दूध देऊन राह्यली."

मागे देऊळगाव राजाला तिची पित्ताची पिशवी दुर्बिणीने काढली. पोटावर फक्त बारीक छिद्रं. ती पाहून सासू म्हणाली, "माहं तं अख्खं पोट फाडलं होतं. एवढ्याशा भोकाले कायचा आराम वं?" दोन दिवसांत सून पाण्याचे हंडे उचलू लागली.

मग बेंबीजवळची जखम चिघळली, पू आला. डॉक्टरांनी रोज पट्टी बदलायला आणि जड काम बंद ठेवायला सांगितलं. तेव्हापासून सासू पाणी भरते आणि सून ओट्यावर बसून लसूण सोलते.

काल ती मोरीपाशी पट्टीवर तांब्याने पाणी ओतताना दिसली.

"अगं, ती कोरडी ठेवायची ना?"

"सुकून राह्यली आजी. सुकली का मंग हंडे हायेतच."

सासूला हे सांगावं तर हिची धडगत नाही, न सांगावं तर जखम पुन्हा चिघळेल. शेवटी मी तिला कोरडी पट्टी बांधून दिली आणि समजावलं, "वरून सुकलं तरी आतून भरायला वेळ लागतो. तोवर वजन उचलायचंच नाही. तसं सांग घरी."

तिने पट्टीवरून पदर ओढून घेतला.

"पण आतून कच्चं हाये, हे माह्या सासूले कसं दिसन, आजी?"